आगरवाड्याचे मीठ

मुख्याध्यापकाला प्रसंगी सगळेच विषय शिकवावे लागतात. गेल्या जानेवारीत विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि सहावीचा वर्ग माझ्याकडे आला. मी मराठीचा एम. ए.; पण 'द्रावणे' हा पाठ काही कठीण वाटला नाही. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ टाकून ढवळले आणि सांगितले, "मीठ हे द्राव्य, पाणी हा द्रावक, दोहोंचे मिळून द्रावण. पाहा, मीठ नाहीसे झाले."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, नाहीसं कसं? आमच्या आगरात तर पाण्यातलंच मीठ वर येतं!"

तास संपत आला होता. "पुस्तकात आहे तेवढे लिहून घे," असे म्हणून मी तिला बसवले. परंतु तिचा प्रश्न मनातून जाईना. तीस वर्षे मुलांच्या वह्यांतील चुकीचे शब्द खोडणारा मी. 'नाहीसे' हा शब्द चुकीचा होता, हे मला उमगू नये? मार्चमधल्या एका रविवारी मी तिच्या गावी, पेडणे तालुक्यातील आगरवाड्याला निघालो.

म्हापशाहून शिवोली गाठली की पुढे शापोरा नदी आडवी येते. पूर्वी येथे फेरीबोटीची वाट पाहावी लागे. आता पुलावरून दोन मिनिटांत चोपड्याला उतरता येते. तेथून पुढे नदीकाठाने माडांची रांग आणि तिच्या आड बांधांनी आखलेले चौकोनच चौकोन. वाचकहो, गावाच्या नावातच आगर आहे. ही मिठागरे किती जुनी, हे वेगळे सांगायला नको.

"येयात मास्तर, बसात," असे म्हणत मुलीच्या आजोबांनी माडाच्या सावलीत बसायला जागा करून दिली. आम्ही आगराच्या बांधावरून हिंडू लागलो. भरतीच्या वेळी मानशीचे दार उघडून खाडीचे पाणी पहिल्या मोठ्या खाचरात घेतात. तेथून ते एकाहून एक उथळ खाचरांत फिरवत नेतात. उन्हाळ्यात नदीचे गोडे पाणी ओसरलेले असते, म्हणून खाडी जवळजवळ समुद्राइतकी खारट होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले खाण्याचे मीठ वेगळे व्हायचे, तर पाण्याच्या दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग उन्हाने आणि वाऱ्याने उडून जावे लागतात. त्याआधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसतात, मग मीठ धरते. मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. ते थोडे मिठात आले, तर पावसाळ्यात आपल्या घरातील मिठाच्या बरणीला पाझर फुटतो.

मी माझी अडचण सांगितली. आजोबा हसले. त्यांनी दोन करवंट्या मागवल्या. एकीत विहिरीचे पाणी घेतले, दुसरीत शेवटच्या खाचरातले. दोन्हींत मिठाचा एकेक खडा टाकून नातीला काडीने ढवळायला सांगितले. पहिलीतला खडा झिजत झिजत दिसेनासा झाला. दुसरीतला होता तसाच राहिला.

शाळेच्या पुस्तकातली 'संपृक्त द्रावण' ही संज्ञा मला त्या करवंटीत प्रथम दिसली. मिठाचा खडा म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांच्या विद्युत्‌भारित कणांची, आयनांची, घट्ट रचलेली भिंत. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण. हे रेणू भिंतीला भिडतात, एकेका आयनाला चहूबाजूंनी वेढतात आणि सुटा करून नेतात. मीठ मरत नाही; विखुरते. म्हणूनच बर्फ वितळतो आणि मीठ विरघळते. बर्फाला नुसती ऊब पुरते, मिठाला मात्र पाण्याची सोबत लागते. पण या सोबतीलाही मर्यादा आहे. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते. त्यानंतर जितके आयन खड्यातून सुटतात, तितकेच परत येऊन खड्याला चिकटतात. खडा जसाच्या तसा दिसतो, पण येरझार चालूच असते.

साखरेचे तसे नाही. उकळत्या पाण्यात ती साध्या पाण्याच्या दुपटीहून अधिक विरघळते. म्हणून दाट पाक सावकाश निवू दिला की खडीसाखर धरते. मिठाच्या बाबतीत उकळते पाणीही १०० ग्रॅमला जेमतेम ३९ ग्रॅमवर थांबते. म्हणून मीठ निववून मिळत नाही. त्याला ऊनच हवे, वारा हवा आणि राबणारा माणूस हवा.

तो माणूसच आता कमी होत चालला आहे. आजोबांनी बोट करून दाखवलेल्या कित्येक खाचरांत गवत माजले होते. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे. आगरातल्या जाड्या मिठाला गिऱ्हाईक उरले ते मासे खारवणाऱ्यांचे आणि माडाच्या मुळाशी मीठ घालणाऱ्यांचे. मुलगा शहरात नोकरीला. त्यात एखाद्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला, तर झाकायचे राहून गेलेले ढीग रातोरात खाडीला परत जातात. 'मेहनत पाण्यात जाणे' हा वाक्प्रचार मी वर्गात कितीदा शिकवला असेल! त्याचा अर्थ त्या वृद्धाच्या भेगाळलेल्या तळपायांकडे पाहताना कळला.

निघताना त्यांनी मिठाची एक पुरचुंडी हातात ठेवली. पैसे घेईनात.

सोमवारी मी सहावीच्या वर्गात गेलो आणि मागील पाठ चुकला होता, असे मुलांना सांगितले. फळ्यावर 'नाहीसे झाले' लिहून खोडले आणि त्याखाली 'विखुरले' लिहिले. मग त्या मुलीला पुढे बोलावून पेल्यातले खारे पाणी ताटलीत ओतायला दिले. ताटली खिडकीतल्या उन्हात ठेवली. शनिवारी तिच्यात चौकोनी, पांढरे कण चमकत होते. साऱ्या वर्गाने ते चाखून पाहिले. मीही पाहिले.