मागचं दार

सातवीत असताना मी गुप्तहेर होतो. थोरला भाऊ तालुक्याहून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायचा, ती मी कडब्याच्या गंजीमागं बसून वाचायचो. झुंजार, काळा पहाड! आमच्या गावात मात्र तपास करावा असं काही घडायचंच नाही. कोंबडी गेली, तर ती मुंगसानं नेलेली असायची.

त्या साली माघात आमचं मोठं पितळी पातेलं गेलं. भावकीतल्या प्रत्येक लग्नात फिरणारं, काठावर आजीचं नाव कोरलेलं. माझ्या अंगात झुंजार शिरला. मागच्या दारापाशी धुळीत टायरच्या चपलेचा ठसा सापडला आणि तसल्या चपला आमच्या सालगड्याच्या पायात होत्या. दहा माणसांत मी वडिलांना तो ठसा दाखवला. वडिलांनी त्याला विचारलं. तो एवढंच म्हणाला, ‘‘न्हाई मालक.’’ आणि माझ्याकडं बघितलं. या माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

थोरली आत्या ओसरीवर जोंधळे निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, ‘‘आरं, वैरण घेऊन रोज त्याच दारानं येतोय त्यो. पाऊल नसतं तर नवल.’’

कुणी मनावर घेतलं नाही. बाईमाणूस, त्यात माहेरी राहिलेली. रात्री मी वाकळंखाली जागा होतो. आत्या वडिलांना हळू आवाजात सांगत होती, ‘‘धाकटा मंगळवारी पोतं घेऊन बाजारला गेला. मिरच्या इकतो म्हणाला. मिरच्या तर अजून माळवदावर हायत. आन् परवापास्नं जेवताना ताटातनं मान वर काढत न्हाई. मावळणीच्या दिराचं असंच झालं हुतं, पत्त्याच्या नादात.’’ वडील बराच वेळ गप्प होते.

आठ दिवसांनी पातेलं परत आलं. कल्हईला दिलं होतं, असं चुलत्यानं सगळ्यांना सांगितलं. आत कल्हईचा पत्ता नव्हता. आईनं ते मुकाट्यानं चिंचेनं घासून फळीवर ठेवलं.

पुढं पुण्याला शिकायला असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक कादंबरी मिळाली. १९३० सालची, मिस मार्पलची पहिली. पुढं तिच्यावर अशा आणखी अकरा निघाल्या. सेंट मेरी मीड नावाचं इंग्लंडातलं खेडं, पाद्रीबाबांच्या खोलीत खून, आणि तपास करणारी कोण, तर विणकाम करणारी, बागेतून सगळ्यांवर नजर ठेवणारी म्हातारी! पाद्रीबाबांच्या खोलीतलं घड्याळ पाव तास पुढं असतं. घरच्यांना ते ठाऊक, पोलिसांना नाही. घरातली असली बारीक गोष्ट माहीत असण्यावर तिथं सगळं अडतं. आणि ही बाई प्रत्येक माणसाला गावातल्या दुसऱ्या कुणाशी तरी ताडून बघते, हा अमक्यासारखा, ती तमकीसारखी. डिक्शनरी घेऊन वाचत होतो. तिथं आलो आणि मावळणीचा दीर आठवून एकटाच हसलो. मग हसू थांबलं.

कारण मिस मार्पलनं बोट दाखवलं की पोलीस येतात, गुन्हेगार जातो, गाव पुन्हा चहा प्यायला मोकळं. आमचा गुन्हेगार त्याच घरात, त्याच पंगतीत जेवत राहिला. पुढं माझ्या लग्नात त्यानंच पातेलं चुलाण्यावर चढवलं. आत्यानं ते नाव वडिलांशिवाय कुणापाशी घेतलं नाही. त्यात तिचं शहाणपण होतं, की भावाच्या घरात राहण्याचा धाक, हे मी तिला विचारायला पाहिजे होतं.

दहा माणसांत सालगड्यावर आळ घेतला होता. तो मागं घ्यायला मात्र दहा माणसं कुणी बोलावली नाहीत. मीही नाही.

पाडव्याला त्याचं साल संपलं. वडील म्हणाले, ‘‘ऱ्हा की औंदा.’’ तो म्हणाला, ‘‘बघतो.’’ हिशोब घेतला, आत्याला वाकून नमस्कार केला आणि नेहमीच्या मागच्या दारानं न जाता ओसरीवरून, पुढच्या दारानं निघून गेला.