पणजीचे नाव शोधताना

घरातला जुना शजरा माझ्या मुलीने उलगडला आणि विचारले, "अब्बा, सात पिढ्यांत एकही बाई नाही का?" बाप, मुलगा, नातू, आईचे नाव कुठेच नव्हते. मला उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघे कल्याणला गेलो. माझे दादा तिथलेच. नोकरीसाठी मुंबईला गेले ते परत राहायला आले नाहीत.

ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे 1 मे 1854 रोजी सुरू झाली. त्याआधी या गावाची खरी वाट खाडीची. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात 'कल्लिएना' म्हणून या बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले. त्यांच्या आरमारात दौलतखानासारखे सरदार होते.

दूधनाक्यावर रिक्षा सोडली. आमचे घर होते तिथे आता इमारत उभी आहे. शेणाळे तलावाकाठी काळी मशीद पाहिली. औरंगजेबाच्या काळातला कल्याणचा अंमलदार मुतबरखान, हा नवायत घराण्यातला. त्याची कबरही याच गावात. त्याचे नाव इतिहासात राहिले. आमच्या माणसांच्या कबरी मात्र कच्च्या. कब्रस्तानात कोणती कुणाची, ते सांगणारे कुणी उरले नाही. आम्ही सगळ्यांसाठीच दुआ-ए-मगफिरत मागितली. कबरींची जियारत आखिरतची आठवण देते, असे हदीसमध्ये आहे. पण मुलीचा प्रश्न तसाच राहिला.

शेवटी एका वडीलधाऱ्यांनी निकाहच्या जुन्या रजिस्टरांची आठवण करून दिली. ज्यांच्या घरी ती जपली आहेत, त्यांनी चहा पाजला आणि कापडात बांधलेली वही काढली. पाने कडांना झडत होती. उर्दूतली ओळ मी बोटाने वाचत गेलो: पणजोबांचे नाव, साक्षीदार, मेहरची रक्कम आणि त्याआधी वधूचे नाव, तिच्या वालिदांच्या नावासह. मुलीने ते दोनदा मोठ्याने म्हटले.

निकाहला वधूची संमती लागते आणि मेहर तिचा हक्क आहे. म्हणून तिचे नाव लिहावेच लागले. शरीयतने जे लिहून ठेवायला लावले, ते आम्ही घरच्या शजऱ्यात गाळले होते. हा दोष गावाचा नाही, काळाचाही पूर्ण नाही, आमचा आहे.

तुमच्या घरी नानी-दादी हयात असतील तर त्यांच्या आईचे, सासूचे, माहेरच्या गावाचे नाव आजच विचारून लिहून ठेवा. निकाहनामे लॅमिनेट करू नका. कोरड्या कापडात ठेवा आणि फोटो काढून घ्या.

परतीच्या लोकलमध्ये मुलीने शजऱ्यात पणजोबांशेजारी जागा केली. पेन माझ्याकडे दिले नाही. तिने स्वतःच लिहिले.