पडलेला वारा

शेलीचें पश्चिमवाऱ्यावरील काव्य मीं पंचवीस वर्षें शिकविलें. पण वाऱ्याचा धाक बसला तो भाच्याचें दोन आसनांचें सेस्ना विमान उतरतांना पाहून. वारा झोतांनीं वाहत होता. विमान धावपट्टीपासून दोन पुरुष उंचीवर असतां समोरचा झोत एकाएकीं पडला. पंखांवरील हवेचा वेग निम्मा झाला, तर आधार चौथाईच उरतो. येथें थोडी घटही पुरली. विमान आदळलें, उसळलें आणि पुढचें चाक मोडून नाकावर घसरलें. वारा सुटण्याला भिणारे आपण. घात केला तो वारा पडल्यानें!

भाचा लंगडत आला. "मामा, झोतांच्या हिशेबानें वेग वाढवावयास हवा होता, चूक माझी. पण आईला सांगूं नका." बहिणीचा रोज फोन येतो. मी हवापाण्याचें बोलूं लागतों, आणि वाऱ्यापाशीं अडखळतों.