चाकाचा तोल

काही शंका अशा असतात, की त्यांचे निरसन व्हावे असे मनुष्यास मनापासून वाटतच नाही. खरे काय ते कळले, तर आवडीची एखादी गोष्ट हातची जाईल, या धास्तीने तो ती शंकाच उराशी धरून बसतो. गेल्या वर्षी मी तीन महिने अशीच एक शंका बाळगली होती. तिचे निरसन अखेर एका टायरच्या दुकानात झाले.

माझे वय एकोणसत्तर आणि माझ्या छोट्या मोटारीचे अकरा. थोरली बहीण साताऱ्यास असते. दर पंधरा दिवसांनी पुण्याहून तिच्याकडे जावे, संध्याकाळपर्यंत गप्पा माराव्या आणि दुसऱ्या दिवशी परतावे, हा माझ्या निवृत्त आयुष्यातला मोठा आनंद. गाडी मी स्वतःच चालवितो. पावसाळ्यातल्या अशाच एका सकाळी शिरवळ मागे पडले, रस्ता मोकळा झाला आणि वेगाचा काटा ८० वर आला. तोच हातातले स्टिअरिंग बारीक थरथरू लागले. वेग ६० वर आणला, थरथर थांबली. पुन्हा ८० केला, पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या कोणी असते, तर गाडीचा संशय घेतला असता. माझी नजर मात्र आधी माझ्या हातांकडे गेली.

त्याला कारण होते. माझ्या वडिलांचे अक्षर मोत्यासारखे होते. पंचक्रोशीतले लोक अर्ज लिहून घेण्यास त्यांच्याकडे येत. साठी उलटल्यावर त्यांचे हात कापू लागले. चहाची बशी तोंडापर्यंत नेताना तिच्यातला चहा धोतरावर सांडे. त्यांनी पत्रे लिहिणे सोडले, आणि कारण सांगितले डोळ्यांचे! आम्हा मुलांना खरे ठाऊक होते. पण त्यांच्या डोळ्यांना चष्मा आणून देण्यापलीकडे आम्ही काही केले नाही. तेव्हा हा कंप आता वारसाहक्काने माझ्याकडे आला, असे मी मनाशी ठरवून टाकले. कोणास कळले, तर गाडीच्या किल्ल्या मुलाच्या हाती जाणार आणि साताऱ्यास मला कोणाच्या तरी सवडीने जावे लागणार, हेही पुढचे दिसू लागले.

मग मी उपाय योजले. स्टिअरिंग घट्ट आवळून धरू लागलो. काटा ६० च्या पुढे जाऊ देईना. "हल्ली इतकी सावकाश का?" असे कोणी विचारले, तर "पेट्रोल वाचते" म्हणून सांगे. वडिलांच्या डोळ्यांची आठवण मला तेव्हा झाली नाही, याचे आज नवल वाटते.

एका रविवारी परतताना सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आज मी चालवू का?" मी किल्ली दिली. मोकळ्या रस्त्यावर तिने निःशंकपणे ८० चा वेग घेतला आणि लगेच कपाळाला आठी घातली. "ही गाडी थरथरते आहे. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

स्वतःच्या गाडीतला दोष ऐकून इतका हर्ष झालेला मनुष्य त्या दिवशी त्या रस्त्यावर दुसरा नसावा.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात गेलो. तिथला कारागीर तिशीतला. त्याने गाडीला हात लावण्यापूर्वी मलाच प्रश्न केले.

"काका, कुठल्या वेगाला थरथरते?"

"ऐंशीच्या सुमारास."

"स्टिअरिंग थरथरतं, की सीट?"

"स्टिअरिंग."

"ब्रेक दाबल्यावरच, की एरवीही?"

"एरवीही."

"हात सैल सोडले, तर गाडी एका बाजूला ओढते का?"

"नाही."

"मग पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग गेलंय. सीट हलत असती, तर मागची चाकं बघितली असती. एका बाजूला ओढत असती तर अलाइनमेंट, आणि ब्रेकवरच थरथरली असती तर ब्रेकची डिस्क."

चार प्रश्नांत त्याने तीन शक्यता निकालात काढल्या. तीन महिन्यांत मी स्वतःला त्यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता.

चाक काढल्यावर त्याने प्रथम आतल्या बाजूचा वाळलेला चिखल धुऊन टाकला. "हेही वजनच असतं काका. पुष्कळदा नुसतं धुऊन काम होतं." मग रिमवरचा एक काळपट चौकोनी डाग त्याने बोटाने दाखविला. तिथे चिकटविलेले धातूचे छोटे वजन कधीतरी गळून पडले होते. उरला होता तो गोंद. खड्ड्यात आपटून पडले असेल, नाहीतर धुताना निघाले असेल. यंत्रावर चाक गरगर फिरले आणि आकडा उमटला : ३५ ग्रॅम.

पस्तीस ग्रॅम म्हणजे काय ते वजन! चार सुपाऱ्या तराजूत टाकाव्या तेवढे. घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. ८० च्या वेगाला माझ्या गाडीचे चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरते, आणि त्या फिरण्यात ही एवढीशी उणीव चाकाला सुमारे तीन किलोंच्या जोराने ओढते. ४० च्या वेगाला हाच जोर पाऊण किलोवर येतो. कारण वेग निम्मा झाला, की ओढ चौथाई होते. म्हणूनच गावात हा दोष ध्यानी येत नाही. शिवाय झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावला म्हणजे तो जसा चढत जातो, तसेच गाडीच्या स्प्रिंगांचेही आहे. चाकाच्या धक्क्यांची लय त्यांच्या स्वतःच्या लयीशी जुळली, की थरथर वाढते. ती लय ओलांडली, की पुन्हा कमी होते. माझ्या ६० च्या वेगाने दोष गेला नव्हता, केवळ दिसेनासा झाला होता. टायर तेवढा मुकाट्याने ठिकठिकाणी झिजत होता.

"हे किती दिवसांनी तपासावं?" मी विचारले होते.

"नवा टायर घातला, पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरवला, किंवा चाक जोरात खड्ड्यात आपटलं, की लगेच. एरवी दर दहा हजार किलोमीटरला. आणि थरथरली, तर त्याच आठवड्यात. तीन महिन्यांनी नाही!"

नवे वजन बसले. यंत्रावर शून्य उमटले. दुकानदाराने चहा मागविला. तो कप मी उचलला, आणि बशीवर त्याची बारीक किणकिण झाली. गाडी तर अजून जॅकवर उभी होती. कारागिराने ती ऐकली असावी. कारण तो उगाचच पाने पुसू लागला.

त्या संध्याकाळी मला पुष्कळ वेळ झोप आली नाही. गाडीचा दोष गाडीत होता, हे खरे. पण माझ्या शंकेतही काही तथ्य होते. पूर्वीसारखे मुकाट बसावे, असे एकदा वाटूनही गेले. परंतु त्या तरुणाने प्रश्न कसे विचारावेत ते दाखविले होते, आणि ते आता विसरता येईना.

डॉक्टरांनीही जवळजवळ त्याच रीतीने विचारले. हात मांडीवर निवांत असताना कापतो, की काही उचलताना? एकच, की दोन्ही? वडिलांना होता का? निवांत हाताचा कंप निराळ्या विकाराची सूचना असू शकते, आणि हात कामाला लागल्यावर येणारा बहुधा वेगळा असतो. तो पुष्कळदा घराण्यातून येतो, असे त्यांनी समजावून सांगितले. माझा दुसऱ्या प्रकारचा निघाला. तूर्त गाडी चालवायला त्यांची हरकत नाही. मात्र रात्रीची चालवू नये, दरवर्षी येऊन दाखवावे, आणि कंप वाढला तर वर्षाची वाट पाहू नये, असे त्यांनी बजावले.

वडिलांना हे चार प्रश्न कोणी विचारले असते तर? उपाय कदाचित झाला नसता. पण डोळ्यांच्या सबबीआड इतकी वर्षे एकट्याने बसण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती. चष्मा आणून देणारे आम्हीच होतो, ही खंत आता जाणार नाही.

घरी सर्वांना सांगून टाकले. मुलाने किल्ल्या मागितल्या नाहीत. खंबाटकीचा घाट आता सौभाग्यवती चालविते, सपाटीचा रस्ता माझ्याकडे आहे. माझ्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत : चाकांचा तोल पुन्हा तपासण्याचा किलोमीटरचा आकडा, आणि डॉक्टरांकडे जाण्याची तारीख.

ताईला हे सारे मी पत्राने कळविले. अक्षर जरा हलले आहे. पण पत्र मीच लिहिले.