संसार आठ महिन्यांचा, हिशोब कशाचा?

बैजाबाई शिंद्यांनी काशीत १८३०च्या सुमारास बांधलेल्या शिंदे घाटाच्या वरच्या गल्ल्यांत आजही मराठी बोललं जातं. तिथल्या घरांतून वकील म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, आठ महिन्यांत मोडलं हो. मुलीला निम्मं मिळेल ना?"

नाही मिळत. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. काशीत किंवा पुण्यात मात्र ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याकडे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली न्यायालय वाटून देतं ते लग्नात दोघांना मिळून आलेलं कपाट, फ्रिज, भांडी. संसार किती टिकला हे पोटगी ठरवताना पाहतात, मालकी ठरवताना नाही.

म्हणून खरं भांडण स्त्रीधनाचं, म्हणजे बायकोला मिळालेल्या दागिन्यांचं, भेटींचं. पैठणहून काशीत आलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांनी सतराव्या शतकात 'व्यवहारमयूख' लिहिला. त्यात स्त्रीधनाचा विचार आहे आणि पुढे मुंबईच्या न्यायालयांनी तो ग्रंथ प्रमाण मानला. दुष्काळात, आजारपणात नवऱ्याने बायकोचं धन वापरलं तर ते परत करायलाच हवं असं नाही, अशी सूट याज्ञवल्क्य स्मृतीने दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र, अडचणीत वापरलं तरी ते धन किंवा त्याची किंमत परत करणं ही नवऱ्याची नैतिक जबाबदारी मानली. १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन पूर्णपणे बायकोचं ठरलं. २०२४मध्ये केरळातल्या एका खटल्यात, लग्नाच्या पहिल्याच रात्री दागिने ताब्यात घेतल्याचा आरोप असलेल्या नवऱ्याला न्यायालयाने २५ लाख रुपये द्यायला लावले.

हक्क पक्का आहे. अडतं ते पुराव्यावर. फोटोत पाटल्या दिसतात, वजन दिसत नाही. पावती वडिलांच्या नावाची, तीही जुनं सोनं मोडून केलेल्या दागिन्यांची. लॉकर सासूबाईंचा. "तोडे तर आमच्याकडचे," असं त्या म्हणाल्या की आमची फाइल तिथेच अडकते. लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही आणि तेवढ्या काळात लॉकर रिकामा होतो. स्त्रीधन मागायला मात्र घटस्फोटाची वाट पाहावी लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५च्या नियमांनी उपाय सांगून ठेवला आहे. वधूला आलेल्या भेटींची एक यादी, वराला आलेल्यांची दुसरी; त्यांत वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली दोघांच्या सह्या. वधूची यादी वधूने जवळ ठेवायची. माझ्यासमोर अशी यादी क्वचितच येते.

लग्नाच्या याद्या करताना आपण मानपानाच्या साड्या मोजून लिहितो. त्याच बैठकीत हाही कागद करा. मुलीवर किंवा सासरच्यांवर अविश्वास म्हणून नव्हे; संसार टिकला तर तो कपाटात पडून राहील, मोडला तर दोन्ही घरांची कोर्टातली वर्षं वाचवील.