चौथा धावपटू

हूफडॉर्पमध्ये राहून क्रॉस कंट्री शिकवायची म्हणजे विहिरीच्या तळाशी उभं राहून डोंगर चढायला शिकवण्यासारखं आहे. 1849 ते 1852 या काळात क्रूकियस आणि त्याच्या दोन भावंड पंपांनी हार्लेमरमेर हे अख्खं सरोवर वाफेच्या जोरावर उपसलं. त्या तळावर, समुद्रसपाटीच्या चार-पाच मीटर खाली, आपण घरं घेऊन राहतो. माझा सगळा सराव साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात झालेला. इथे चढ हवा असेल तर रिंगदाइकच्या बांधावर जावं लागतं. तिथे पोचलं की कालव्याचं पाणी शेतांपेक्षा वर दिसतं आणि आपण कुठे राहतो ते कळतं. खरा चढ हवाच असेल, तर सायकलने ब्लूमेंडालच्या वाळूच्या टेकडीपर्यंत जायचं. उरलेले दिवस वाऱ्यावर भागवायचं. पोल्डरमधला समोरचा वारा हाच आमचा घाट.

मी शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत कॉलेजकडून धावत असे. पहाटेची एसटी, डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणि शर्यतीचा मार्ग म्हणजे कुणाचं तरी रान, मध्ये एखादा ओढा. इथे कॉलेजांचे असे संघ नसतात. शाळा शिकवते, खेळ क्लबात. म्हणून सोळा ते वीस वर्षांची मुलं क्लबात येतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मी त्यांना पळवते. स्वतःही अजून शर्यती धावते. सप्टेंबरात ॲम्स्टरडॅमहून झानदामला जाणारी दाम तोत दामलोप असते, जानेवारीत एग्मंडच्या समुद्रकिनाऱ्यावरची अर्धमॅरेथॉन. पण सरावाला मी पुढच्या मुलांबरोबर धावत नाही. मधल्या आणि मागच्या मुलांबरोबर धावते. का, ते सांगायचं तर क्रॉस कंट्रीचा हिशोब सांगावा लागेल.

रिले सोडली तर बाकीचं धावणं एकेकट्याचं. क्रॉस कंट्रीत मात्र वैयक्तिक क्रमांकाबरोबर संघाचाही निकाल लागतो. जागतिक स्पर्धेत एका संघातून सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते. अमेरिकेतल्या कॉलेजांत सात धावतात, पाच मोजतात. ज्यांची बेरीज सर्वांत कमी, तो संघ पहिला. समजा, आपली तीन मुलं पहिली, दुसरी आणि तिसरी आली, पण चौथा आला साठावा. बेरीज 66. समोरच्या संघाची मुलं आली 10, 12, 14 आणि 16 व्या क्रमांकावर. बेरीज 52. पहिले तिघे आपले आणि चषक त्यांचा!

आणखी एक गंमत आहे. सर्वांत पुढे असलेल्या मुलाने शेवटच्या 400 मीटरमध्ये जीव तोडला, तरी तो फार तर एखाद्याला गाठतो, कारण पुढे माणसंच कमी असतात. मधल्या गर्दीत तेवढ्याच ताकदीत सात-आठ जण मागे पडतात. म्हणजे संघाला खरा नफा मिळवून देतो तो मधला. पुढच्याला घड्याळ पळवतं. मधल्याला पळवायला कुणीतरी शेजारी लागतं. मंगळवारी 1000 मीटरचे सहा फेरे असतात, मध्ये दोन मिनिटं सावकाश. पाचव्या फेऱ्याला मन म्हणतं, बास. तेव्हा मी बाजूला असते आणि गप्पा मारत राहते. ज्याला उत्तर देता येत नाही तो वेगात आहे, आणि जो फार बोलतो त्याला ढकलायचं.

आमच्या गटात एक सतरा वर्षांचा मराठी मुलगा होता. मैदानावर सगळी मुलं मला नावाने हाक मारतात, इथली रीतच तशी. हा एकटा 'मावशी' म्हणायचा आणि मग कुणी ऐकलं का ते बघायचा. संघात त्याची जागा ठरलेली होती, चौथी. ना तिसऱ्याला गाठायचा, ना पाचव्याला पुढे जाऊ द्यायचा.

डिसेंबरात त्याच्या आईचा फोन आला. "ताई, मे महिन्यात त्याची शेवटची परीक्षा आहे. पहिला-दुसरा येत असता तर गोष्ट वेगळी. एवढं धावून शेवटी मिळतं काय?" मला राग आला नाही. परदेशात मुलांचं शिक्षण हीच आपली शेती. ती पिकली नाही तर मागे परतायला गाव उरलेलं नसतं, ही भीती मलाही ठाऊक आहे. मी एवढंच म्हटलं की त्याला मंगळवारी पाठवा, गुरुवारचं तो घराजवळ एकटा धावेल, आणि फेब्रुवारीतल्या एका शर्यतीला तुम्ही दोघं या.

ते आले. थर्मासमध्ये चहा घेऊन, चिखलात शहरी बूट घालून उभे राहिले. मुलं काटेरी बूट घालूनही घसरत होती. शेवटच्या वळणावर आमचा चौथा अडतिसावा होता. रेषेवर पोचला तेव्हा एकतिसावा. त्या दिवशी संघ तिसरा आला, चौथ्या संघापेक्षा चार गुणांनी. बापाने मनातल्या मनात हिशोब केला आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे हे सात जण..." एवढंच म्हणाला. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सांगलीच्या आजीने विचारलं, "कितवा आला रे?" "एकतिसावा." तिकडे क्षणभर शांतता. मग हा आपल्या डचाळलेल्या मराठीत म्हणाला, "आजी, मी आमचा चौथा होतो. चौथा लागतोच." आईनेच मला हे नंतर सांगितलं. सांगताना ती हसत होती, पण आवाज थोडा ओला होता.

पहिल्या तिघांपलीकडे आपली नजर सहसा जात नाही. इथून गाडीने दोन तासांच्या आत अँटवर्प आहे. 1920 च्या ऑलिंपिकमध्ये तिथे आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुलं बघून सर दोराबजी टाटांनी तो संघ पाठवण्याचा घाट घातला होता. ती मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पोचले. क्रमांक 19 वा. त्या संघाला एकही पदक मिळालं नाही, पण भारताचा संघ ऑलिंपिकला जाऊ लागला तो त्यांच्यापासून.

आणि 2022 साली बर्मिंगहॅमला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये दुसरा आला, पहिल्यापेक्षा अवघ्या 0.05 सेकंदाने मागे. राष्ट्रकुल स्पर्धेत 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होतं. साबळे त्या शर्यतीकडे वळला तो सैन्याच्या क्रॉस कंट्रीतून, म्हणजे जिथे सगळ्यांचे क्रमांक मिळवले जातात अशा जागेतून. आपला प्रत्येक मुलगा साबळे होणार नाही. पण साबळे व्हायच्या आधी तोही घोळक्यातला एक होता.

तो मुलगा परीक्षा उत्तम पास झाला. धावण्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, अभ्यास त्याने केला होता. आता तो दुसऱ्या शहरात शिकतो आणि तिथल्या क्लबात धावतो. कितवा येतो ते मी विचारत नाही. तोच कळवतो, "मावशी, मोजला गेलो."

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि आमचा सराव अंधारात सुरू होतो. मुलं कपाळावर दिवे बांधून बांधावरून एका ओळीत जातात. वाऱ्यात पुढची जागा आळीपाळीने घ्यायची, म्हणजे मागच्यांना आडोसा मिळतो. परतल्यावर गाडीत चकलीचा डबा असतो, आणि डच मुलं त्यावर आपल्यापेक्षा वेगाने धावून येतात. यंदा चौथी जागा एका मुलीची आहे. तिची आई मैदानाच्या कुंपणाशी उभी राहून विचारते, "कितवी आली?" मी क्रमांक सांगते, आणि शेवटच्या वळणानंतर तिने कितीजणींना मागे टाकलं, तेही सांगते.