हाताला लागलेले काळे

"सूनबाई, घरात एखादी लाल चिंधी असेल का?"

रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत अण्णांनी विचारले, तेव्हा सूनबाईंना काही उलगडा होईना. न्यू जर्सीतल्या त्या घरात सगळे होते, पण चिंधी नव्हती. तिथे कपडे फाटण्याआधीच पिशवीत भरून दान केले जातात. शेवटी नातवाचा लहानपणचा एक लाल टी-शर्ट कपाटाच्या तळाशी सापडला. अण्णांनी त्याची वीतभर पट्टी कापून खिशात टाकली आणि ते गॅरेजकडे निघाले.

गॅरेजमध्ये मुलाची गाडी उभी होती. चंदेरी रंगाची, दोनच माणसांची, २००३ सालची पोर्श बॉक्स्टर. १९९६ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग करत होता. एका परदेशी मासिकातले तिचे चित्र कापून त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. पुढे अमेरिका, नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलाचे शिक्षण या सगळ्यात ते चित्र कुठे गेले ते त्यालाही आठवत नव्हते. २०१९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने तीच गाडी जुनी म्हणून विकत घेतली. सूनबाईंनी तेव्हाच सांगितले होते, "हौस म्हणून ठीक आहे, पण हिला पोसणार कोण?"

२०२३ च्या जानेवारीत त्याची नोकरी गेली. त्या वर्षी संगणक क्षेत्रातल्या हजारो लोकांची गेली, त्यातलाच तो एक. मे महिन्यात अण्णा आणि आई सहा महिन्यांसाठी आले, तोवर त्याला दुसरी नोकरी मिळाली नव्हती. वर्कशॉपने गाडीच्या ऑइल बदलाचे चारशे डॉलर सांगितले होते. ऑइल आणि फिल्टर स्वतः आणला तर काम शंभरात होत होते. म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात घ्यायचे ठरवले.

पहिल्यांदाच. कारण अण्णांनी त्याला कधी पाना धरूच दिला नव्हता. एकतीस वर्षे त्यांनी लाल डब्यांच्या डेपोतल्या वर्कशॉपमध्ये काढली. रात्री घरी आले की हातांना रॉकेल आणि कपडे धुण्याची पावडर लावून ते घासत बसायचे, तरी नखांच्या कडांतले काळे जायचे नाही. मुलगा जवळ आला की म्हणायचे, "लांब हो. अभ्यास कर. तुझ्या हाताला हे काळं लागता कामा नये." मुलाच्या मनात बसले ते वेगळेच. अण्णांना आपल्या कामाची लाज वाटते असेच त्याला वाटत राहिले, आणि त्यामुळे पुढे कधी त्या कामाबद्दल त्याने चार शब्द विचारलेही नाहीत.

"तेल किती बसतं हिच्यात?" अण्णांनी स्टुलावर बसत विचारले. बायपासनंतर त्यांना वाकायची मनाई होती.

"आठ लिटरच्या वर."

"आणि ही तगारी केवढ्याची?"

मुलाने दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या भांड्यावरचे अक्षर वाचले. ते सहा लिटरचे होते. तो गप्प झाला. साध्या लहान मोटारीत तीन-चार लिटर ऑइल असते, दुकानातली भांडीही त्याच हिशेबाची. या गाडीत त्याच्या दुप्पट. प्लग काढल्यावर धार मधेच थांबवता येत नाही, उरलेले दोन लिटर फरशीवर गेले असते. आईने आतून भाजी धुण्याचे मोठे टब आणून दिले आणि बजावले, "आता हे परत स्वयंपाकघरात आणू नका."

गाडी दहा-बारा मिनिटे फिरवून आणली. कोमट ऑइल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते, थंड ऑइल आतच चिकटून राहते. मग गाडी उचलायची वेळ आली. बॉक्स्टर जमिनीला इतकी टेकलेली की खाली मांजरही वाकून जाईल. मुलाने जॅक लावून एक बाजू वर केली आणि तसाच खाली सरकू लागला.

"थांब!" अण्णांचा आवाज एकदम चढला. "जॅक गाडी उचलायला असतो, गाडी धरायला नाही. चारी बाजूंना घोड्या लाव, गाडी हलवून बघ, मगच खाली जा. जॅकवर विश्वास ठेवून गाडीखाली शिरलेली माणसं मी पाहिली आहेत."

त्यानंतरचे ते बोलले नाहीत, आणि मुलानेही विचारले नाही. चार घोड्या लागल्या, गाडी सपाट राहिली. ती एका बाजूला कलली असती तर थोडे ऑइल आत राहिले असते.

मग अण्णा उठले, खिशातली लाल पट्टी काढली आणि गाडीच्या स्टिअरिंगला गाठ मारून बांधली.

"हे काय? दृष्ट लागू नये म्हणून?" मुलगा हसला.

"नाही. आधी प्लग काढ, मग सांगतो."

या गाडीचे इंजिन समोर नसते आणि मागे डिकीतही दिसत नाही. दोन आसनांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे ते दडलेले असते. सहा सिलिंडर, तीन एकीकडे आणि तीन दुसरीकडे, आडवे झोपवलेले. त्यांतले दट्ट्ये मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांसारखे समोरासमोर हलतात, म्हणून अशा इंजिनला बॉक्सर म्हणतात. बॉक्सर आणि उघड्या टपाची रोडस्टर, या दोन शब्दांतून गाडीचे नाव तयार झाले. ऑइल ओतायचे तोंड मागच्या डिकीत आहे. अण्णांनी ते झाकण उघडायला लावले, म्हणजे वरून हवा जाऊन धार मोकळी पडते. आठ मिलिमीटरची षट्कोनी किल्ली प्लगमध्ये बसली, थोडा जोर लागला आणि काळी जाड धार टबात पडू लागली.

ऑइलचे काम फक्त वंगणाचे नसते. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये पातळ थर धरायचा, जळलेला कोळसा पोटात घ्यायचा, उष्णता वाहून न्यायची, आम्ल मारायचे, अशी कितीतरी कामे ते करते. ते काळे पडते कारण त्याने घाण स्वतःकडे घेतलेली असते. गाडी कमी चालली तरी ऑइल बिघडते, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि आत साचलेला ओलावा उडून जात नाही. वर्षातून एकदा तरी ते बदलावे लागते ते यामुळे.

अण्णांनी टबात बोट बुडवले, अंगठ्याशी घासले, वास घेतला. "पेट्रोल उतरलेलं नाही. कचही लागत नाही." इतक्या वर्षांनी त्यांच्या बोटांना पुन्हा काळे लागले होते, आणि त्यांनी ते पुसले नाही.

धार बारीक होत गेली. ऑइल पुरते निथळायला अर्धा तास द्यायचा होता. तेव्हा अण्णा बोलू लागले.

"एक्क्याऐंशी साल. तू पाच वर्षांचा होतास. आषाढीच्या जादा गाड्या सुटत होत्या. रात्रपाळीत एका गाडीचं ऑइल बदललं, प्लग हातानं लावला, आता पान्यानं आवळणार तेवढ्यात फोरमननं हाक मारली. दुसऱ्या गाडीचा ब्रेक लागत नव्हता. तिकडे गेलो. परत आलो तोवर कुणीतरी पहिल्या गाडीत ऑइल भरून ती बाहेर काढली होती. मला वाटलं, मी आवळला होता."

मुलगा गाडीखालून बाहेर येऊन बसला.

"दुसऱ्या दिवशी घाटात प्लग पडला. ऑइल सगळं रस्त्यावर. इंजिन जाम झालं. ड्रायव्हर कसलेला होता, त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. चव्वेचाळीस माणसं होती गाडीत. कुणाला खरचटलंही नाही. चौकशी झाली. मी सांगितलं, चूक माझी. पंधरा दिवस बिनपगारी, एक वेतनवाढ गेली. त्या पंधरा दिवसांत तुझ्या आईनं शेजारून ज्वारी उसनी आणली. तुला कळू दिलं नाही."

"म्हणून मला पाना धरू दिला नाहीत?"

"तुला वाटलं असेल, बापाला कामाची लाज वाटते. लाज कामाची नव्हती रे. भीती होती. माझ्या हातून चव्वेचाळीस माणसं जाता जाता राहिली. ते ओझं तुझ्या हातावर नको होतं. त्यानंतर मात्र मी एक नियम केला. प्लग काढला की स्टिअरिंगला लाल चिंधी. प्लग आवळून, तपासूनच ती सोडायची. चिंधी दिसली की डेपोत कुणी गाडीला हात लावायचं नाही. निवृत्त होईपर्यंत एकदाही चुकलो नाही."

बेचाळीस वर्षे ही गोष्ट घरात कुणी काढली नव्हती. दारात उभ्या असलेल्या आई पदराने हात पुसत आत निघून गेल्या.

मग फिल्टर निघाला. या गाडीत कागदी फिल्टर एका डब्यासारख्या झाकणात बसतो. हे झाकण उघडायला खास गोल पाना लागतो आणि त्यातही थोडे ऑइल उरलेले असते. अण्णांनी कात्रीने फिल्टरच्या चुण्या कापून वर्तमानपत्रावर पसरल्या. फ्रिजवर चिकटवायचा लोहचुंबक नातवाने आणून दिला.

"इंजिनच्या आत काय चाललंय ते इथं कळतं," अण्णा म्हणाले. "पोलाद असेल तर चुंबकाला चिकटेल. ॲल्युमिनियम चिकटत नाही, ते उन्हात चमकतं."

सूनबाईही आता येऊन उभ्या होत्या. चमक दिसली तर बेअरिंग झिजतेय असा अर्थ, आणि इंजिनचा खर्च गाडीच्या किमतीइतका. नोकरी नसलेल्या घराला तो झेपणारा नव्हता. अण्णांनी एकेक चुणी उन्हात तिरपी धरून पाहिली. चुंबक फिरवला. काळी काजळी होती, चमक नव्हती.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांनीच श्वास सोडला.

नव्या फिल्टरच्या झाकणाला नवे रबरी कडे लावले, त्यावर ऑइलचे बोट फिरवले. प्लगला नवा वॉशर घातला. जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, आणि काही सेंटच्या वस्तूसाठी ऑइल गळत राहते. प्लग आधी हाताने फिरवला. मुलाने पाना पुढे केला, "अण्णा, शेवटचा आवळा तुम्ही द्या."

अण्णांनी मान हलवली. "माझ्या हातात आता तो अंदाज राहिलेला नाही. आणि हे ॲल्युमिनियम आहे. जास्त आवळलंस तर आटे जातील, कमी आवळलंस तर काय होतं ते आत्ताच ऐकलंस. तुझ्या त्या आवाज करणाऱ्या पान्यानंच कर."

टॉर्क रेंच पन्नास न्यूटन-मीटरवर लावला. कट्ट असा आवाज आला. फिल्टरचे झाकण त्याच्या निम्म्या जोराने, पंचवीसवर. मग ऑइल. डब्यावर शून्य डब्ल्यू चाळीस असा क्रमांक होता. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. आधीचा शून्य सांगतो की कडाक्याच्या थंडीतही ते वाहते, नंतरचे चाळीस सांगते की तापल्यावरही ते पुरेसे दाट राहते. सगळे एकदम ओतले नाही. थोडे कमी भरून इंजिन चालू केले, बंद केले, ऑइल खाली उतरू दिले, कांडीवर पातळी पाहिली आणि मग हळूहळू पूर्ण केले. जास्त झालेले ऑइलही इंजिनला बाधते. प्लगखाली कोरडा कागद ठेवून दहा मिनिटे पाहिले. कागदावर थेंब नव्हता.

"आता सोड ती चिंधी," अण्णा म्हणाले.

जुने ऑइल डब्यांत भरून मुलगा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात देऊन आला. तिथे ते मोफत घेतात. गटारात ओतायची सोय नाही, ते योग्यही नाही. एका गाडीचे जुने ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे अडतीस लाख लिटर, गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते. बापलेक बेसिनशी उभे राहून साखर आणि भांड्यांचा साबण लावून हात चोळत राहिले. मुलाच्या नखांच्या कडांतले काळे काही निघाले नाही. त्याने त्या हातांकडे बराच वेळ पाहिले.

गाडीच्या वहीत अण्णांनी मराठीत नोंद केली. तारीख, मैल, ऑइल, फिल्टर. खाली एक ओळ: प्लग आवळला. तपासला.

ऑक्टोबरमध्ये मुलाला नोकरी मिळाली, पण पगार आधीपेक्षा कमी होता. अण्णा आणि आई परत गेल्यावर त्याने गाडी विकली. कुणी सांगितले म्हणून नव्हे, हिशेब मांडून. घेणाऱ्याने वही चाळली आणि त्या न समजणाऱ्या लिपीवर बोट ठेवून विचारले, हे काय आहे? मुलाने अर्थ सांगितला. तो मनुष्य मान डोलावून म्हणाला, एवढे पुरे आहे.

पुढच्या वसंतात सूनबाईंच्या साध्या, आठ जणांच्या गाडीचे ऑइल बदलायचे होते. गॅरेजच्या खिळ्यावर लाल पट्टी टांगलेली होती. नातवाने कुणी न सांगता ती काढली, स्टिअरिंगला बांधली, आणि बाप गाडीखाली जाण्याआधी चारी घोड्या हलवून पाहिल्या.